कलकत्त्यात उतरायचं कुठे?

तापीच्या अलीकडे आणि पलीकडे माझ्या मामेसासऱ्यांइतका चोखंदळ माणूस झाला नाही; आणि झालाच असेल, तर तो अजून आयुष्यातली पहिलीच वस्तू निवडत बसला असेल. जळगावच्या बाजारात ते भरताची वांगी घ्यायला आले की भाजीवाल्या एकमेकींकडे बघून पदर सावरून बसत. एकेक वांगं हातात घेऊन ते तोलायचे, देठ निरखायचे, मग ते कानाशी नेऊन बोटाने हलकेच वाजवायचे. वांगं नेमकं काय बोलतं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण नाही बोललं तर ते परत टोपलीत जाई. धुळ्याला एकदा त्यांनी छत्री घेतली. दुकानदाराने उघडून दाखवली, मिटून दाखवली. मामांनी ती दुकानाबाहेर नेली, समोरच्या हॉटेलातून पाण्याच्या दोन बादल्या मागवल्या आणि एका हमालाला त्या आपल्या डोक्यावर ओतायला सांगितल्या. खांद्यावर दोन थेंब पडले. मामांनी छत्री परत केली आणि त्या वर्षीचा सगळा पावसाळा जुन्या छत्रीखाली भिजत काढला.

त्यांचा धंदाच पारख करण्याचा होता. जळगावच्या एका जिनिंग प्रेसमध्ये त्यांनी तीस वर्षं कापसाची प्रत ठरवली. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ते ओढत, पुन्हा जुळवत, पुन्हा ओढत, आणि डोळे मिटून सांगत की हा कापूस चोपड्याकडचा आहे की नशिराबादच्या बाजूचा, पहिल्या वेचणीचा आहे की तिसऱ्या. त्यांचा शब्द प्रेसमध्ये कोणी मोडत नसे. अडचण एवढीच झाली, की तीस वर्षांत त्यांना सगळं जग चिमटीत धरून ओढून पाहायची सवय लागली.

त्या चिमटीतून मीही गेलेलो आहे. माझी बायको ही त्यांच्या बहिणीची मुलगी. मी तेव्हा धुळ्याला शाळेत इंग्रजी शिकवत होतो. इतरांकडची माणसं मुलाला एकदा पाहतात. मला मामांनी चार वेळा पाहिलं. एकदा वर्गाच्या खिडकीतून, एकदा मी जेवत असताना, एकदा माझ्या दाराबाहेरच्या वहाणा उलट्या करून, टाचा कुठे झिजल्यात ते बघण्यासाठी. चौथ्या खेपेला ते मला पांझरेच्या काठी फिरायला घेऊन गेले आणि म्हणाले, "मास्तर, शिक्षण, घराणं बठ्ठं पाहिलं. आता खरं सांगा, घोरता का?" मी म्हटलं, "मला कसं कळणार?" हे उत्तर त्यांना इतकं आवडलं की तिथेच लग्न ठरलं. पुढे माझी बदली जळगावला झाली, त्यांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आलं, आणि मी त्यांचा बिनपगारी इंग्रजी कारकून झालो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. मामांना एकच मुलगा, मधू. इंजिनियर होऊन तो कलकत्त्याच्या एका ताग गिरणीत लागला आणि दोन वर्षांनी तिकडच्याच एका मुलीशी लग्न करून मोकळा झाला. घरी आधी कळवलं नाही. कळवलं ते तारेने. ज्या माणसाने भाचीचा नवरा वहाणांच्या टाचांपर्यंत तपासला, त्याच्या घरात सून आली ती न पाहता, न विचारता, तारेतल्या सहा शब्दांतून. मामा तार हातात घेऊन ओसरीवर बसले, ती पुन्हा पुन्हा वाचली, आणि मधूला उत्तर पाठवलं, "तुझ्या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही. तुझ्या घरचं पाणी पिणार नाही." मामी काही बोलल्या नाहीत. त्या पारोळ्याच्या, चाळीस वर्षं जळगावात राहूनही त्यांनी आपली अहिराणी सोडली नव्हती, आणि चाळीस वर्षं मामांबरोबर राहिल्याने कधी गप्प बसायचं हेही त्यांना चांगलं कळत होतं.

स्वातंत्र्याला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली असतील. गणपतीच्या दिवसांत कलकत्त्याहून पत्र आलं, मुलगी झाली. दिवाळीनंतर फोटो आला. कपाळावर काजळाचा मोठा टिळा, आणि मामांसारख्याच जोडलेल्या भुवया. मामींनी तो फोटो देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी ठेवला. मामा एरवी पूजा पाच मिनिटांत आटोपत. त्या आठवड्यात त्यांना अर्धा तास लागू लागला. आठव्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि दारातूनच म्हणाले, "मास्तर, मी काय म्हणालो होतो? उंबरा ओलांडणार नाही. कलकत्ता शहरात पाय ठेवणार नाही, असं म्हणालो होतो का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग उतरायचं कुठे, एवढाच प्रश्न उरला."

हा एवढाच प्रश्न पुढे सहा महिने उरला.

धर्मशाळा हा शब्द मी काढताच त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू वहाणांच्या टाचांत आता त्यांना दोष सापडला. त्यांचं म्हणणं असं की, मुलाच्या गावात जाऊन बाप धर्मशाळेत उतरला तर लोक म्हणतील पोराने घरात घेतलं नाही. साध्या लॉजात उतरला तर म्हणतील बापाची ऐपत नाही. तेव्हा उतरायचं ते अशा ठिकाणी, की मधूच्या गिरणीतल्या साहेबानेही टोपी काढून विचारावं, "कोण पाहुणे आलेत?" खर्चाचं ते बघून घेणार होते, त्यांची चिंता होती ती निवडीची. आयुष्यात ते कधी हॉटेलात राहिले नव्हते, आणि न पाहिलेल्या गोष्टीबद्दल आपला एकदा घात झाला आहे, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं.

कापसाच्या एका दलालाकडून त्यांनी कलकत्त्याच्या बड्या बड्या हॉटेलांचे पत्ते मिळवले आणि रोज शाळा सुटल्यावर मी त्यांच्या ओसरीवर पत्रं लिहायला बसू लागलो. ते मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिहीत असे. खिडकी कोणत्या दिशेला उघडते? सकाळचं ऊन अंथरुणावर येतं की पायाशी? आंघोळीला घंगाळ असतं की माणसाने उभं राहून धुवून घ्यायचं? मंडळींना ओटीवर चूल पेटवायची झाल्यास हरकत आहे का? ओटी म्हणजे काय हे मी त्या साहेबांना कसं समजावलं ते माझं मला माहीत. आणि प्रत्येक पत्रात एक प्रश्न ठरलेला: आपल्या गाद्यांत कोणता कापूस भरला आहे? कृपा करून चिमूटभर नमुना पाठवावा.

आश्चर्य म्हणजे उत्तरं आली. जाड, साईच्या रंगाच्या कागदावर आली. मामा मजकुराआधी कागद चाचपत. एका हॉटेलच्या मॅनेजरला या चौकशांवरून वाटलं असावं की खानदेशातला कोणी संस्थानिक येतो आहे. त्याने अदबीने विचारलं होतं की महाशयांबरोबर नोकरमंडळी किती असतील? मामांनी विचार केला आणि मला म्हणाले, "लिहा, एक. मास्तर."

दुसऱ्या एकाने लिहिलं, आमच्या गाद्यांत कापूस नसतो, स्प्रिंगा असतात. हे वाचून मामांनी चष्मा काढला. "लोखंडावर निजवतात?" ते म्हणाले, "पाहुण्याला?" त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही. तिसऱ्या एका हॉटेलने मात्र खरंच पाकिटातून कापसाचा नमुना पाठवला. मामांनी तो अंगठ्यांत धरून ओढला, जुळवला, ओढला, डोळे मिटले आणि माझ्या बायकोसमोर, माझ्यासमोर जाहीर केलं, "आपला आहे. जामनेरकडचा. पण पाच वर्षं जुना." हजार मैलांवर गेलेला गाववाला भेटावा तसे ते त्या चिमूटभर रुईकडे पाहत होते. तरीही ते हॉटेल मागे पडलं, कारण त्याची खिडकी पश्चिमेला होती.

असं करता करता माघ आला. तीन हॉटेलं उरली. मामांनी त्यांना नावं दिली होती: खांबवालं, नदीवालं आणि बागवालं. रोज एक पुढे जाई, रोज एक मागे पडे. खांबवालं मधूच्या घराला फार जवळ. इतकं जवळ नको, की त्याला वाटावं बाप विरघळला. नदीवालं फार लांब. इतकं लांब नको, की पोराला येताना त्रास व्हावा. मी म्हटलं, "मग मधलं, बागवालं घ्या." तर म्हणाले, "मधलं माणूस केव्हा घेतो? ठरवता येत नाही तेव्हा."

तेवढ्यात त्यांच्या मनाने घेतलं, की हॉटेलात राहायचं म्हणजे काय याचा आधी सराव हवा. धुळ्याच्या मोटारस्टँडजवळ तेव्हा एक नवं लॉज निघालं होतं. पलंग, आरसा, बोलवायला घंटी, सगळ्या सोयी. एका शनिवारी आम्ही तिघं एस.टी.ने निघालो. वाटेत पारोळा आलं तेव्हा मामींनी खिडकीतून माहेरच्या किल्ल्याचा बुरूज पाहिला आणि म्हणाल्या, "आठेच उतरूत ना. मन्हा भाऊ घंटी न वाजाडता पानी देस." मामांनी ऐकलं नाही. धुळ्याला खोलीत शिरल्या शिरल्या मामींनी पदर खोचला, दाराआडचा केरसुणीचा बुडखा शोधून काढला आणि खोली झाडली, मग बाहेरचा व्हरांडा झाडला, मग जिना. मामा तोवर घंटीकडे बघत बसले होते. शेवटी त्यांनी धीर करून ती वाजवली. लॉजचा गडी धावत आला, "काय पाहिजे, आबा?" मामांना काहीच सुचेना. "बसा," ते म्हणाले. गडी गोंधळून उभाच राहिला. "बसा हो, धावत आलात. पाणी घेता?" आणि त्यांनी आपल्या तांब्यातलं पाणी त्याला दिलं. संध्याकाळपर्यंत घंटी चारदा वाजली आणि चारही वेळा मामांनी त्या माणसाची विचारपूस केली. गाव कोणतं, शेती किती, पोरंबाळं काय करतात. मामी एव्हाना स्वयंपाकघरात आचाऱ्याला शेवभाजीचा रस्सा दाट कसा करायचा ते दाखवत होत्या. निघताना लॉजचा मालक हात जोडून म्हणाला, "अक्का, आठ दिवस राहा की." मामा मात्र खिन्न होते. "मास्तर," ते परतीच्या गाडीत म्हणाले, "आपल्याला जमणार नाही. आल्या माणसाला काम कसं सांगायचं?"

चैत्र लागला. मधूचं पत्र आलं की बाळ आता बसतं. पुढच्या पत्रात, रांगायला लागलं. मामांनी दोन्ही पत्रं वाचली, खिशात ठेवली, आणि मला बागवाल्या हॉटेलला विचारायला सांगितलं की बागेत डास असतात का.

त्या दिवशी मामी बाहेर आल्या. त्यांच्या हातात पत्र्याची ट्रंक होती. ती त्यांनी ओसरीच्या मधोमध, आमच्या कागदांवरच, दाणकन ठेवली.

"तुमनं हाटेल सापडनं का या तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी जास."

"अगं, निवड चाललीय ना..."

"सहा महिना दखी ऱ्हायनी मी. माले मन्ही नात दखनी शे, खाट नही!"

त्यांचा आवाज ओसरीपर्यंत आलेला मी तरी कधी ऐकला नव्हता. चाळीस वर्षांत मामांनीही ऐकला नसावा. मग त्यांनी ट्रंकेखालून हळूच तीन कागद ओढून काढले, ते मामींपुढे धरले आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "मग तूच सांग. कोणतं?"

मामींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी एका कागदावर बोट ठेवलं. "हाई."

"का पण?"

"याना कागदवर झाड शे."

सहा महिन्यांचं काम एका क्षणात झालं. ते बागवालं होतं. शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कलकत्ता मेलने निघालो. बरोबर ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, ठेच्याची बरणी, मामांची स्वतःची उशी आणि मी.

हॉटेलच्या दाराशी लाल फेटा बांधलेला, मिशांचा एक धिप्पाड दरबान होता. त्याने मामांना कडक सलाम ठोकला. मामांनी त्याला तसाच सलाम केला. पाहुण्याने सलाम केल्यावर गप्प राहणं त्याला बरं दिसेना. त्याने पुन्हा केला. मामा कोणाचा नमस्कार अंगावर ठेवणाऱ्यांपैकी नव्हते. चार-पाच फेऱ्या झाल्यावर मामींनी त्यांच्या कोटाची बाही धरून आत ओढलं. खोली म्हणाल तर आमच्या शाळेच्या सभागृहाएवढी. मामा पलंगावर बसले तर वीतभर खाली गेले आणि दोन वीत वर आले. "लोखंड!" ते म्हणाले, आणि त्यांनी आपली सतरंजी जमिनीवर पसरली. सकाळी मामींना वेटरने बसल्या जागी चहा आणून दिला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ प्यायल्याच नाहीत. मी विचारलं, "मामी, आवडला नाही?" तर लग्न झाल्यापासून कोणी आपल्या हातात आयता चहा दिल्याचं आठवत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मामा खिडकीपाशी उभे होते. त्यांनी ऐकलं. ते वळले नाहीत.

संध्याकाळी मधू, त्याची बायको शेफाली आणि मुलगी भेटायला हॉटेलात आली. मामा खालच्या दिवाणखान्यात कोट, टोपी, उपरणं अशा थाटात एका खोल कोचावर बसले होते. त्यांनी काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. शेफाली डोक्यावर पदर घेऊन पुढे आली आणि पाया पडायला वाकली. आशीर्वाद देण्यासाठी मामा उठू गेले, पण कोच त्यांना सोडेना. ते दोनदा अर्धे उठले आणि दोनदा खाली गेले. तिसऱ्या वेळी शेफालीनेच हात देऊन त्यांना उठवलं. त्या गडबडीत घोकलेलं सगळं विसरलं. मामा मुलाला म्हणाले, "इथे हवा दमट असते, नाही?" मधू म्हणाला, "हो." दोन वर्षांनी भेटलेल्या बापलेकांचं एवढंच बोलणं झालं. मुलीला घरात खुकू म्हणत. "हे काय नाव?" मामा माझ्या कानात म्हणाले. "कोंबडी हाकल्यासारखं." खुकूने त्यांच्या टोपीकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. मामी तिला घेऊन बागेत गेल्या, आणि आम्ही चौघं बिस्किटांच्या तीन बश्यांभोवती अवघडून बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीही तसंच. शेफालीला मराठी येत नव्हतं, मामांना बंगाली येत नव्हतं, आणि मधूला दोन्ही येऊनही काही बोलता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती मंडळी आली नाहीत. हॉटेलच्या कचेरीत मधूचा फोन आला, खुकूला ताप आहे. मी ते वर जाऊन सांगितलं. मामा म्हणाले, "चांगला डॉक्टर कोण आहे, चौकशी करू. एकदम कोणाकडेही जायला नको. दोन-तीन नावं काढू, मग..." त्यांनी कागद मागितला. मी कागद शोधून देईपर्यंत खोलीत मामी नव्हत्या. त्यांच्या चपला नव्हत्या, आणि मधूच्या पत्राचं पाकीट नव्हतं.

आम्ही धावत खाली आलो. दरबान म्हणाला, माँजी पाकीट दाखवत होत्या, मी त्यांना टॅक्सीत बसवून दिलं. मामांना हे खरंच वाटेना. जळगावात जी बाई एकटी स्टेशनावर गेली नव्हती, ती या एवढ्या शहरात, लिहिता-वाचता येत नसताना, भाषा येत नसताना निघून गेली होती. दुसऱ्या टॅक्सीत ते सगळा वेळ पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसले होते.

मधूचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. आत मामी मांडी घालून बसल्या होत्या, खुकू त्यांच्या खांद्यावर, आणि शेफाली शेजारी पाण्याच्या घड्या करत होती. मामा धापा टाकत दारापर्यंत आले आणि तिथे थांबले. पायांपुढे उंबरा होता.

"कशी आहे?" त्यांनी बाहेरूनच विचारलं.

"दात ई ऱ्हायना," मामी म्हणाल्या. "काही नही. या ना मधमा."

मामा आत आले नाहीत. गेलेही नाहीत. शेफालीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा उंबऱ्याकडे पाहिलं. मधूने तिला सगळं सांगितलं असणार. तिने "आत या" असा हातही केला नाही. घरातला वेताचा मोढा उचलून तिने बाहेर जिन्याच्या चौकात ठेवला, त्यावर उशी ठेवली, मामा बसल्यावर खुकूला आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि स्वतः उंबऱ्याच्या आतल्या बाजूला जमिनीवर बसली. या खेपेला टोपी नव्हती. ती टॅक्सीत राहिली होती. खुकू रडली नाही. तिने मामांच्या जोडलेल्या भुवया पकडल्या आणि ओढून पाहिल्या.

त्या दिवसापासून मामांचा मुक्काम जिन्यात पडला. सकाळी हॉटेलातला चहा झाला की टॅक्सी, आणि मग संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्याचा चौक. हॉटेलच्या त्या सभागृहाएवढ्या खोलीत दिवसभर आमच्या ट्रंका राहत. वरच्या मजल्यावरचे एक वृद्ध बंगाली गृहस्थ येता-जाता आधी थबकत, मग नमस्कार करू लागले, मग स्वतःची खुर्ची घेऊन खाली येऊ लागले. ते बंगालीत माशांबद्दल बोलत, मामा मराठीत कापसाबद्दल, आणि दोघांचंही एकमेकांशी कधी दुमत झालं नाही. शेफालीने मामींकडून कळण्याची भाकरी शिकून घेतली. पहिली भाकरी थापताना ती तीन ठिकाणी फाटली. तीच तिने ठेचा आणि कांद्याबरोबर बाहेर आणून दिली. भाकरी आपल्याच पिठाची, आणि आपण उंबऱ्याबाहेर. तेव्हा ती खाण्याला हरकत नाही, असा मामांनी निकाल दिला. पाणी मात्र ते हॉटेलातून फिरकीच्या तांब्यात आणत. पहिला घास त्यांनी फार वेळ चावला. शेफाली श्वास रोखून बघत होती. मी मनात म्हटलं, आता ही भाकरी जामनेरची की चोपड्याची ते ठरणार. मामांनी घास गिळला आणि आतल्या मधूला हाक मारली.

"मधू, हिला विचार, उद्या पुन्हा करेल का?"

जिन्यातल्या मुक्कामाच्या पाचव्या दिवशी दुपारी मामी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या, शेफाली न्हाणीघरात होती, मधू गिरणीत. मी जिन्याच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. खुकू मामांच्या पायांशी खेळत होती. ती कधी उंबरा चढून आत गेली ते मला कळलं नाही. मला ऐकू आली ती मामांची हाक, "अगं, अगं, अगं!" आणि मोढा उलटून गडगडत गेला. वर बघतो तो मामा दाराआड. मी मागे धावलो. स्वयंपाकघरात शेगडीवर आधण ठेवलेलं होतं, आणि शेगडीपासून हातभर अंतरावर मामा खुकूला छातीशी धरून उभे होते. खुकू मात्र खूश होती; तिला वाटलं, पकडापकडीचा खेळ आहे.

शेफाली ओल्या केसांनी धावत आली. तिने आधण पाहिलं, मुलीला पाहिलं, मामांना पाहिलं. तिने एक पाट मांडला. माठातून पेलाभर पाणी काढलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं.

मामांनी पेल्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग ते पाटावर बसले, खुकूला मांडीवर घेतलं, आणि एका दमात सगळं पाणी प्यायले.

"गोड आहे," ते म्हणाले. शेफालीला शब्द कळला असेल-नसेल. तिने पुन्हा पेला भरला.

मामी गच्चीवरून आल्या, त्यांनी दारात उभं राहून ते सगळं बघितलं, आणि मला एवढंच म्हणाल्या, "मास्तर, सामान लई या."

मी हॉटेलात गेलो. मॅनेजर काळजीत पडला. खोलीत काही कमी होतं का? गादी? खिडकी? डास? सहा महिने ज्याला मी पत्रं लिहिली होती तो हाच भला माणूस. त्याला खरं कारण इंग्रजीत सांगायला गेलो असतो तर सुटी संपली असती. मी म्हटलं, तसं काही नाही, पाहुण्यांना दुसरीकडे जागा मिळाली. दरबानाने मला सलाम केला; मामांच्या वतीने मी तो दोनदा परत केला.

पुढचे पंधरा दिवस कसे गेले ते कोणालाच कळलं नाही. निघायच्या दिवशी मधूने हावड्याला आम्हाला गाडीत बसवून दिलं. शेफाली खिडकीशी खुकूला उचलून उभी होती. गाडी हलली, फलाट संपला, पूल मागे पडला, तरी मामा खिडकीकडेच तोंड करून होते. तसेच बसून ते म्हणाले, "मास्तर, पालथं पडायला लागतात ते कितव्या महिन्यात?"

"चौथ्या-पाचव्या असेल."

"आणि बसायला?"

"सहाव्या-सातव्या."

"म्हणजे आपण खिडक्यांची दिशा विचारत होतो तेव्हा ती पालथी पडली," ते म्हणाले. "कापसाचा नमुना मागवला तेव्हा बसली. रांगली तेव्हा मी डासांचं विचारत होतो." त्यांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. "पुन्हा नाही ना हो दिसणार ते?"

मामी समोर बसून शिदोरीचं फडकं सोडत होत्या. त्यांनी भाकरी मोडली, अर्धी मामांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आते चालाले लागी ती. ते दखाले येऊत."

"दिवाळीत?" मामांनी विचारलं.

"दिवाळीत."

मामांनी मान डोलावली आणि भाकरी खायला लागले.

दिवाळीत ते दोघंच गेले. मला सुटी असूनही कोणी बरोबर ये म्हटलं नाही. आठ दिवसांनी मामांचं कार्ड आलं. नेहमी चारही बाजूंच्या समासांत लिहिणाऱ्या माणसाने या वेळी तीनच ओळी लिहिल्या होत्या. "सुखरूप पोचलो. खुकू चालत नाही, पळते. चालताना बघायचं राहूनच गेलं. पण पळते छान."

मामा वारले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या दिवाळीनंतर ते दरवर्षी कलकत्त्याला जात. तयारीला त्यांना एक सकाळ पुरे.